कॉलेजच्या नोटीस बोर्डावरचा तो कागद कुठून आला?



पोस्ट जरा मोठी आहे, पण घरात कॉलेजला जाणारी मुलगी असेल तर शेवटपर्यंत वाचा. मुलगा असेल तरी वाचा.

ॲडमिशनच्या वेळी आपण फी विचारतो, स्कॉलरशिप विचारतो, पासचं विचारतो. ऑफिसबाहेरच्या बोर्डावर 'अंतर्गत तक्रार समिती' असा एक कागद असतो, त्याच्याकडे मात्र कुणी बघत नाही. सरकारी सोपस्कार म्हणून सोडून देतो. पण तो कागद सरकारने आपणहून दिलेला नाही. त्याच्यामागे पन्नास वर्षांची भांडणं आहेत, आणि त्यातली बरीचशी आपल्या महाराष्ट्रात झाली.

महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. पुढे ते एसएनडीटी झालं. मुलींनी शिकावं, तेही मातृभाषेतून, हा त्यांचा आग्रह. पण मुली वर्गात आल्या म्हणजे काम संपलं असं नव्हतं. १९७४ साली देशातल्या स्त्रियांच्या स्थितीवरचा सरकारी समितीचा अहवाल आला आणि स्वातंत्र्यानंतरही किती कमी बदललंय ते उघडं पडलं. त्याच वर्षी एसएनडीटीत नीरा देसाई यांनी स्त्रियांच्या प्रश्नांचा अभ्यास करणारं केंद्र सुरू केलं. भारतातल्या विद्यापीठातलं हे असं पहिलं केंद्र. १९८१ ची पहिली राष्ट्रीय स्त्री-अभ्यास परिषदही तिथेच, मुंबईत भरली.

मधल्या काळात मथुरा प्रकरण झालं. चंद्रपूर जिल्ह्यातली आदिवासी मुलगी, १९७२ साली पोलीस चौकीत अत्याचार. हायकोर्टाने पोलिसांना शिक्षा दिली, पण सुप्रीम कोर्टाने १९७८ साली त्यांना सोडलं. कारण काय, तर मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही. १९७९ साली कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर दिल्लीचे, तर वसुधा धागमवार आपल्या पुण्याच्या. गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हा त्या पत्राचा गाभा. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. विद्यापीठातली माणसं वर्गाबाहेर येऊन बोलली तर काय होतं, ते तेव्हा दिसलं.

आता आपल्याकडे या. कॅम्पातलं कॉलेज पुणे विद्यापीठाला जोडलेलं. त्या विद्यापीठात १९८७ साली स्त्री-अभ्यास केंद्र सुरू झालं, आज त्याला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. विद्युत भागवत, शर्मिला रेगे यांच्यासारख्या शिक्षिकांनी ते वाढवलं. खेड्यापाड्यातून आलेली, मराठीतून शिकलेली पोरंपोरी तिथे बिचकू नयेत यासाठी मराठीतून शिकवणं, मराठीतून लिहिणं केलं. बाईचा प्रश्न जात सोडून समजत नाही, हे रेगे यांनी ठासून मांडलं. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक २००६ साली आलं. त्यात आपल्या नाशिकच्या शांताबाई दाणी आहेत. आपल्या जिल्ह्यातली बाई विद्यापीठात अभ्यासाचा विषय झाली. आपल्यापैकी किती जणांना हे माहीत होतं?

आता तो बोर्डावरचा कागद. राजस्थानात भंवरी देवी सरकारी कामाचा भाग म्हणून बालविवाह थांबवायला गेल्या, म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यानंतर महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १९९७ साली 'विशाखा' निकाल लागला: प्रत्येक कामाच्या ठिकाणी तक्रार समिती हवी. २०१३ साली त्याचा कायदा झाला. कॉलेजांसाठी यूजीसीने २०१५ चे वेगळे नियम केले.

हे नियम काय सांगतात ते लक्षात ठेवा:

– समितीची अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक. निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत. बाहेरच्या संस्थेचा एक सदस्य लागतो.
– प्रकरणात विद्यार्थी असतील तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी, तेही निवडून आलेले.
– कुलगुरू, विभागप्रमुख अशा वरच्या पदावरच्या लोकांना समितीत बसता येत नाही.
– तक्रार लेखी, तीन महिन्यांच्या आत. मुलीला लिहिणं जमत नसेल तर समितीने मदत करायची. कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळतात.
– चौकशी ९० दिवसांत संपवायची.
– कॅम्पस म्हणजे फक्त कंपाउंडच्या आतली जागा नाही. सहल, शिबिर, स्पर्धा, कॉलेजची गाडी, सगळं त्यात येतं.

लहवित, नाणेगाव, संसरी, भगूरहून मुली कॅम्पात शिकायला येतात. कितीतरी घरांत कॉलेजचं तोंड बघणारी ती पहिलीच. काही झालं तर तिला पहिली भीती त्रास देणाऱ्याची नसते, घरच्यांची असते. "सांगितलं तर कॉलेज बंद करतील." म्हणून ती गप्प बसते. मथुरेचं गप्प बसणं तिच्याच विरोधात धरलं गेलं होतं, हे विसरू नका.

समिती घटना घडल्यावर कामाला लागते. त्याआधीचं काम स्त्री-अभ्यास केंद्राचं: जे होतंय ते चूक आहे, त्याला नाव आहे, दोष माझा नाही, हे मुलीला कळणं. आणि मुलालाही कळणं. विद्यापीठाचं निर्भय कन्या अभियान कॉलेजांमध्ये होतं. कराटे शिकवा, जरूर शिकवा. पण दोन दिवस कराटे आणि एक भाषण एवढ्यावर थांबू नका. मुलांनाही बसवा. वर्गात हा इतिहास सांगा.

पालकांनी करायचं ते सोपं आहे. पुढच्या वेळी कॉलेजात गेलात की तो कागद वाचा. नावं यंदाची आहेत का? फोन नंबर लागतो का? विद्यार्थी प्रतिनिधी कोण? नसेल तर प्राचार्यांना नम्रपणे विचारा, तो आपला हक्क आहे. आणि घरी आल्यावर मुलीला एवढंच सांगा: "काही झालं तरी तुझं कॉलेज बंद होणार नाही."

पटलं तर गावातल्या ग्रुपवर टाका. आपापल्या कॉलेजात काय दिसलं ते खाली लिहा, फक्त कुठल्याही मुलीचं नाव लिहू नका.