पीआरपी (केसगळतीवरील इंजेक्शने)

रुग्णाच्याच रक्तातील प्लेटलेट एकवटून त्या डोक्याच्या त्वचेत टोचण्याचा उपचार. प्लेटलेट-रिच प्लाझ्मा या नावाचे हे लघुरूप. अमेरिकी मुखशल्यविशारद रॉबर्ट मार्क्स व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये जबड्याच्या अस्थिरोपणात त्याचा वापर नोंदवला. केसांकडे तो नंतर वळला.

हाताच्या शिरेतून साधारण १० ते २० मिलिलिटर रक्त घेऊन, ते गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेल्या नळीत भरतात आणि सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवतात. तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो. त्यातला प्लेटलेटनी दाट झालेला भाग बारीक सुईने विरळ जागी थोड्या थोड्या अंतरावर टोचतात. आधी बधिर करणारे मलम लावले तरी कपाळालगतच्या टोचण्या झोंबतातच. प्लेटलेटमधून स्रवणारे वृद्धिघटक केशमुळांची वाढीची अवस्था लांबवतात, असे मानले जाते. सहसा महिन्याच्या अंतराने तीन-चार बैठका होतात, पुढे अधूनमधून उजळणी.

आनुवंशिक टक्कलात बारीक होत चाललेले केस काही जणांत जाड व दाट होतात. मूळच नाहीसे झालेल्या गुळगुळीत टकलावर मात्र काही उगवत नाही, आणि जाहिराती नेमके हेच सांगत नाहीत. रक्त किती, फिरवायचे किती वेळ, प्लेटलेट कितीपट, हे प्रत्येक दवाखान्यात निराळे. त्यामुळे अभ्यासांचे निष्कर्ष ताडून पाहणे अवघड. ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या छायाचित्रांत प्रकाश व भांग बदलला तरी केस वाढल्यासारखे दिसतात. मिनॉक्सिडिल व (पुरुषांत) फिनास्टेराइड ही औषधे आजही मुख्य, पीआरपी जोडीला. प्लेटलेट फार कमी असणारे, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे आणि टाळूला जंतुसंसर्ग झालेले यांनी आधी डॉक्टरांना तसे सांगावे.

चाईवरचे इंजेक्शन वेगळे. त्यात ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड चार ते सहा आठवड्यांनी थेट चट्ट्यात देतात. जाहिरात नसलेला हा जुना उपचार मर्यादित चट्ट्यांत बऱ्यापैकी भरवशाचा आहे. मात्रा जास्त झाल्यास त्वचेला खळगा पडतो. जीवनसत्त्वांची मिश्रणे टोचणारी मेसोथेरपी फ्रान्समधील मिशेल पिस्तोर यांनी १९५२ मध्ये सुरू केली, तीही वेदनेसाठी. केसांबाबत तिचा पुरावा तोकडाच.