लाकडाच्या नावाचं पान

विल्यम रॉक्सबर्गने १७९५ साली कोरोमंडलच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात टेंभुर्णीला, म्हणजेच तेंदूला, ‘डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन’ हे नाव दिलं. मेलॅनोझायलॉन म्हणजे काळं लाकूड. जुन्या टेंभुर्णीच्या गाभ्यात आबनूस असतो, आणि त्या काळच्या जाणकाराला झाडाची किंमत तिथेच दिसली. आज विदर्भात तेंदू म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते पान. ही नुसती नावाची अदलाबदल नव्हे. पानाच्या धंद्याने झाडाची चणच बदलली. विडीला पान हवं कोवळं, रुंद, वळताना न चिरणारं. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर झुडपं बुंध्याशी छाटतात, फुटवे येतात आणि एप्रिल-मेमध्ये पानं खुडून त्यांचे पुडे बांधतात. गाभा काळा व्हायला लागणारा काळ अशा झुडपाला मिळतच नाही. टेंभरांसाठी, म्हणजे फळांसाठी, राखलेली मोठी झाडं अजून दिसतात, एवढंच.

कुणी म्हणेल, खरा धंदा तंबाखूचा. पान हे नुसतं वेष्टण. पण वेष्टण काहीही चाललं असतं, तर आपट्याच्या पानावरही भागलं असतं. त्याच्याही विड्या वळतात. तरी बाजार तेंदूचाच झाला. तंबाखूच्या शिवारापासून दूर असलेल्या गोंदिया-भंडाऱ्यात कारखाने उभे राहिले, ते या पानाच्या आधाराने. मग सिन्नर, सोलापूर, नगर इथे विडी कशी गेली? हा आक्षेप मात्र वजनदार आहे. वाळलेलं पान हलकं, पोत्यांतून कुठेही जातं. वळणारे स्वस्त हात जिथे, तिथे धंदा गेला. सोलापुरात पद्मशाली घरांतल्या बाया पान भिजवतात, पत्र्याच्या साच्याने कापतात, तंबाखू भरून वळतात, दोरा गुंडाळतात. म्हणजे जंगलाच्या वाट्याला उरली ती तोडणी, आणि तंटा पेटला तो पानाच्या मालकीवर.

कायदेही तेच सांगतात. मध्य प्रदेशाने १९६४ साली केलेल्या कायद्याच्या नावातच ‘तेंदूपत्ता’ आहे. महाराष्ट्राने १९६९ साली वनोपजाच्या व्यापाराचं नियमन हाती घेतलं. ठेकेदाराची मनमानी मोडायची हा हेतू रास्त होता, पण तोडणाऱ्याकडे मालकी आली नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत तेंदूपानाचं नाव स्पष्ट घातलं, आणि गडचिरोलीतल्या कित्येक ग्रामसभा पानांचा लिलाव स्वतः करू लागल्या. त्या लिलावात बोली लागते पुड्यांवर. आबनुसाचा भाव तिथे कुणी विचारत नाही.