तोफखान्यातून अरण्यात : 'मॅटाडोर'चे दुसरे आयुष्य

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले, तेव्हा ब्रिटनमध्ये सैन्यासाठी बांधलेल्या हजारो गाड्या मैदानांतून रांगेने उभ्या होत्या. आपल्याकडे ज्याला 'डिस्पोजलचा माल' म्हणत असत, त्यातलाच हा प्रकार. नॉटिंगहॅमशायरमधील रडिंग्टन येथे सरकारी लिलाव होत, आणि लाकडाचे व्यापारी, जत्रेतील खेळवाले, गॅरेजवाले तेथे बोली लावीत. यांतील पुष्कळ गाड्या थोड्याच वर्षांत मोडीत निघाल्या. एक जात मात्र पुढे कित्येक दशके चिखलात राबत राहिली. तिचे नाव 'मॅटाडोर'.

हे नाव ऐकताच श्रोत्यांपैकी अनेकांना पुण्याच्या बजाज टेंपो कंपनीची ठेंगणी गाडी आठवेल. त्या गाडीचा या गाडीशी नावापलीकडे काहीही संबंध नाही. ही मॅटाडोर लंडनच्या पश्चिमेस साउथॉल येथे ए. ई. सी. कंपनीच्या कारखान्यात तयार झाली. लंडनच्या तांबड्या बसगाड्या बांधणारी कंपनी ती हीच. मध्यम पल्ल्याच्या जड तोफा ओढण्यासाठी सैन्याला चारही चाकांनी जोर लावणारी गाडी हवी होती. कंपनीने तिच्यासाठी नवे इंजिन घडविण्याच्या भरीस न पडता आपल्या बसगाड्यांच्या घराण्यातलेच सहा सिलिंडरांचे, ७.५८ लिटरचे डिझेल इंजिन तीत बसविले. शक्ती ९५ अश्वांची, आणि वेग ताशी जेमतेम ३५ मैलांच्या आसपास. अशा गाड्या नऊ हजारांच्या घरात तयार झाल्या.

उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात हिने नाव कमावले. याच सांगाड्यावर चिलखती खोली चढवून सेनापतींसाठी फिरती कचेरी केलेली असे. तिला 'डॉर्चेस्टर' म्हणत. १९४१ च्या वसंतात अशा काही कचेऱ्या जर्मनांच्या हाती लागल्या. रोमेलला त्या इतक्या पसंत पडल्या, की त्याने त्या स्वतःच्याच वापरात ठेवल्या. जर्मन सैनिकांनी त्यांना 'मॅमथ' म्हटले आणि दोघींना मॅक्स व मॉरिट्झ या बालकथेतील दोन व्रात्य पोरांची नावे दिली. शत्रूने दिलेले याहून चांगले प्रशस्तिपत्र क्वचितच कोणत्या यंत्राला मिळाले असेल.

परंतु तोफा ओढणे हे या गाडीचे लहानसे आयुष्य होय. तिचे मोठे आयुष्य जंगलात गेले. चिखलात रुतलेली तोफ बाहेर काढण्यासाठी गाडीच्या पोटाखाली एक विंच, म्हणजे पोलादी दोर गुंडाळणारा दणकट रहाट होता. त्याची ओढ सात टनांची. वेल्सच्या डोंगरउतारांवर जेथे चाक टिकत नाही, तेथे गाडी वर उभी करायची, मागचे पोलादी फाळ जमिनीत रोवायचे आणि दोर खाली सोडून तोडलेला वृक्ष वर ओढून घ्यायचा, अशी कामाची रीत पडली. लाकूडवाल्यांनी तोफखान्याची पेटी काढून टाकली आणि आपल्या लोहारांकरवी मागे ओंडके उचलण्याची यारी बसविली. बसकंपन्यांनीही बंद पडलेल्या बसगाड्या ओढून आणण्यासाठी अशीच जोडकामे केली. त्यांना तर सुट्या भागांची चिंताच नव्हती. इंजिनाचे भाऊबंद त्यांच्याच आगारात उभे होते. पुढे १९६२ मध्ये ए. ई. सी. ही लेलँडच्या छत्राखाली गेली, १९७९ मध्ये साउथॉलचा कारखाना बंद पडला, तरीही जुन्या बसगाड्यांच्या भागांवर मॅटाडोर तग धरून राहिली. सैन्यातील दुसऱ्या कित्येक गाड्या इतक्याच मजबूत होत्या. पण मोडलेला भाग मिळेना, म्हणून त्या गेल्या.

आज अशी गाडी हाती घेणाऱ्या हौशी माणसासमोर पहिला शत्रू उभा राहतो तो लोखंडाचा गंज नव्हे, तर कुजलेले लाकूड. चालकाच्या खोलीचा सांगाडा ॲशच्या चिवट लाकडाचा, वर पत्रा. पत्र्याआड पाणी मुरते आणि सांधे भुसभुशीत होतात. येथे मोटारमिस्त्रीइतकीच सुताराचीही गरज पडते. वर्षानुवर्षे उभे राहिलेले इंजिन घाईने फिरवू नये. सिलिंडरांत पातळ तेल सोडून काही दिवस थांबावे आणि मग हाताने किंचित किंचित फिरवून पाहावे. इंधनाची टाकी आतून स्वच्छ केल्यावाचून पंपाला हात लावण्यात अर्थ नाही, कारण गाळाचा एक कण नव्या कामाची माती करतो. ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. तेव्हा गळणाऱ्या नळ्या आणि हवेच्या टाक्या यांची परीक्षा गाडी हलण्यापूर्वीच व्हावयास हवी. साडेसात टनांचे धूड उतारावर सुटले, तर मग उपाय नाही.

गाडी चालू झाली म्हणजे काम संपले असे नाही. खोल पाण्यातून जाऊन आल्यावर आसांतील तेल तपासावे. ते दुधाळ दिसले तर पाणी शिरले असे समजून बदलावे. कठीण रस्त्यावर पुढच्या चाकांचा जोर सोडवावा, नाहीतर वळणावर यंत्रणेत पीळ भरतो आणि टायर झिजतात. विंचच्या दोराला एकदा मोड पडला की तो तेथेच तुटतो, आणि ताणलेला दोर तुटताना जवळ उभ्या माणसाची गय करीत नाही. सुकाणूला यंत्राची मदत नाही, गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागतो. चालकाचे खांदे संध्याकाळी ठणकू लागतात.

जाणकारांत खरा वाद पडतो तो निराळ्याच प्रश्नावर. गाडी मूळ रूपात आणायची, म्हणजे नेमकी कोणत्या? बहुतेकांचा ओढा तोफखान्याकडे असतो. यारी कापून काढायची, लाकडी पेटी नव्याने बांधायची, सैनिकी रंग द्यायचा, मागे तोफ जोडायची, म्हणजे मेळाव्यात गर्दी जमते. हे समजण्यासारखे आहे. तिच्यासोबत लढलेल्यांची आठवणही त्यात आहे. तथापि पाचसहा वर्षांच्या सैनिकी नोकरीसाठी तीस वर्षांचा जंगलातला कष्ट पुसून टाकणे न्यायाचे दिसत नाही. तोफखान्याच्या गाडीचे नकाशे आणि छायाचित्रे सरकारी दप्तरात सुरक्षित आहेत. गावच्या लोहाराने अंदाजाने जुळवलेल्या यारीचा नकाशा कधी काढलाच गेला नाही. ती यारी हाच तिचा एकमेव पुरावा.

यारी उतरविली की सांगाड्यावर तिच्या खिळांची भोके तेवढी उरतात, आणि नवी पेटी वर चढली की तीही दिसेनाशी होतात.