घर राखायचा हक्क दिला, हत्यार काढून घेतलं

मागच्या भागानंतर ज्या व्हॉइस नोट आल्या, त्यात एक प्रश्न फिरून फिरून होता. "मळ्यात राहतो, रात्री बिबट्या दिसतो, वस्तीवर चोरीची भीती आहे. बंदुकीचं लायसन काढावं का?" पिंपळगाव बसवंतच्या आसपास हा प्रश्न हवेतला नाही. गाव एकीकडे, माणसं मळ्यात. बाजूला ऊस, समोर द्राक्षबाग, आणि लाईट रात्रीची असली की बारा वाजता मोटर चालू करायला एकट्यालाच जावं लागतं. उत्तर शेवटी देतो. आधी हे बघू की आपल्याकडे घरात बंदूक ठेवायला सरकारला विचारावं लागतं, ही पद्धत आली कुठून.

कारण ती कायमची नव्हती. मराठी फौजेत स्वतःचं घोडं आणि स्वतःची हत्यारं घेऊन येणारा तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. म्हणजे हत्यार घरात असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. आज शिलेदार आडनावाचा मित्र असेल तर त्याला हे सांगा, खूश होईल.

आता 1857 मध्ये या. उठाव म्हटलं की आपल्याला मेरठ, कानपूर, झाशी आठवते. पण आपल्या जिल्ह्यात सिन्नरकडे भागोजी नाईक नावाच्या भिल्ल पुढाऱ्याने माणसं जमवली होती. ऑक्टोबर 1857 मध्ये नांदूर शिंगोट्याजवळच्या चकमकीत इंग्रज पोलीस अधिकारी हेन्री मारला गेला. पुढे दोन वर्षं हे प्रकरण धुमसत राहिलं, आणि 1859 च्या नोव्हेंबरात मिठसागरजवळ सूटर या अधिकाऱ्याच्या तुकडीने भागोजीला मारलं. देशभर असे किती भागोजी असतील, ही भीती इंग्रजांच्या डोक्यात बसली ती बसलीच.

आणि मग आलं 1860. या एका वर्षात दोन कायदे झाले आणि ते शेजारी ठेवून वाचले की गंमत कळते. पहिला, भारतीय दंड संहिता. त्यात स्वसंरक्षणाचा हक्क चांगला ऐसपैस दिला होता. स्वतःचं शरीर, दुसऱ्याचं शरीर, मालमत्ता, सगळं राखायचा हक्क. रात्री घरफोडी करणाऱ्याचा जीव गेला तरी काही परिस्थितीत तो गुन्हा नाही, इथपर्यंत. दुसरा, त्याच वर्षीचा 31 वा कायदा. हत्यारं बनवणं, आणणं, विकणं, बाळगणं यावर नियंत्रण, आणि सरकारला वाटेल तिथे लोकांना निःशस्त्र करायचा अधिकार. म्हणजे एका हाताने सांगितलं, घर राखा. दुसऱ्या हाताने घरातली तोड्याची बंदूक मागितली.

1878 मध्ये व्हाइसरॉय लिटनने हे पक्कं केलं. त्याच वर्षी त्याने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवरही कायदा आणला होता, म्हणजे तोंड आणि हात दोन्ही बांधायचं साल. हत्यार कायद्यातला खरा डंख सवलतीत होता. युरोपियन लोकांना परवान्यातून सूट, भारतीय माणसाने मात्र अर्ज करायचा. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिमचं डिफॉल्ट उत्तर 'नाही', आणि कातडीचा रंग बघून व्हाइटलिस्ट. काँग्रेसने 1887 च्या मद्रास अधिवेशनापासून याविरुद्ध ठराव केले. गांधीजींनीही, होय, अहिंसावाल्या गांधीजींनीच, 1918 मध्ये खेड्याच्या सैन्यभरतीच्या पत्रकात अख्ख्या देशाला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजांच्या सगळ्यात काळ्या कृत्यांत मोजला होता. वंशावरची ती सूट गेली पहिल्या महायुद्धानंतर.

बरं, कायद्याने बंदुका थांबल्या का? याचं उत्तर आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये चतुर्भुज अमीन नावाचा स्वयंपाकी होता. 1909 च्या सुरुवातीला तो मुंबईला आला तेव्हा त्याच्या पेटीला खोटा तळ होता आणि त्या तळात 20 ब्राउनिंग पिस्तुलं होती, काडतुसांसकट. ती पाठवल्याचा ठपका विनायक सावरकरांवर ठेवला गेला. त्यांचे थोरले भाऊ बाबाराव यांना त्याच वर्षी जून महिन्यात जन्मठेप झाली. 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सन 'संगीत शारदा' बघायला आले. त्यांची मुंबईला बदली झाली होती, निरोपाचे दिवस होते. अनंत कान्हेरे या अठराच्या आसपासच्या पोराने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले.

जॅक्सन हे संस्कृतचे जाणकार, लोक त्यांना पंडित जॅक्सन म्हणायचे. त्यांच्याबद्दल आणि कान्हेऱ्यांबद्दल बोलायला वेगळा भाग लागेल. मला इथे एवढंच दाखवायचंय: जिल्ह्यात कुणाला बंदूक द्यायची हे ज्या कलेक्टरच्या सहीने ठरायचं, तोच बिनपरवान्याच्या पिस्तुलाने गेला. रानडुकरापासून पीक राखणारा शेतकरी मात्र कायदा पाळून गोफण घेऊन माळ्यावर बसला होता.

स्वातंत्र्यानंतर 1959 चा शस्त्र कायदा आला, 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू. मांडणाऱ्यांनी मान्य केलं होतं की जुना कायदा देशाला निःशस्त्र करायला केला होता आणि आता सामान्य नागरिकाला स्वसंरक्षणासाठी परवाना मिळायला हवा. पण डिफॉल्ट 'नाही'च राहिलं. व्हाइटलिस्ट बदलली, सिस्टिम तीच. आजही ग्रामीण भागात सही कलेक्टरची, आणि त्याआधी पोलिसांचा अहवाल. तरी कलम 13 मध्ये एक जागा आपल्यासाठी आहे: पीक राखायला ठासणीची बंदूक. आणि ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही. हे ज्याने लिहिलं त्याने शेत पाहिलं असणार.

आता व्हॉइस नोटवाल्यांसाठी. वय 21 पूर्ण हवं. 2016 च्या नियमांप्रमाणे सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, बंदूक कुलपात कशी ठेवणार तेही दाखवावं लागतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका, परवाना पाच वर्षांचा. त्याच दुरुस्तीने वरातीतल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही लावलं. आणि गावठी कट्टा कमरेला लावून रील टाकणाऱ्या भावा, बिनपरवाना बंदुकीला किमान दोन वर्षं आहेत, वर पाचपर्यंत. पुरावा तू स्वतः अपलोड करतोयस.

समजा परवाना मिळाला. बंदूक रिकामी ठेवायची, काडतुसं वेगळ्या कुलपात, घरात लहान पोरं असतील तर चावी अंगावर. हात लावला की ती भरलेलीच आहे असं धरायचं, नळी माणसाकडे नाही, बोट घोड्यापासून लांब, आणि समोर काय आहे याइतकंच त्याच्या मागे काय आहे ते बघायचं. हे शेवटचं मळ्यात फार अवघड. बागेपलीकडे मजुरांची खोपटी असते आणि पत्र्याची भिंत छर्रे अडवेलच असं नाही. रात्री दोनला कुत्री भुंकतायत, अर्धवट झोपेत दोन कुलपं उघडून, अंधारात, पळणाऱ्या सावलीवर? हक्क 1860 चाच आहे, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत आलाय, पण त्याची अटही जुनीच: गरजेपेक्षा जास्त इजा नाही. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी मारली तर कोर्टात प्रश्न तुम्हाला विचारतील.

बिबट्याचं तर अजून वेगळं. 1972 च्या वन्यजीव कायद्यात तो अनुसूची 1 मध्ये आहे. अंगावर आला आणि जीव वाचवायला मारला तर तो गुन्हा नाही. उसात दिसला म्हणून मारला तर आहे. आणि छर्ऱ्यांनी जखमी झालेला बिबट्या पुढच्या वस्तीवर जातो, तिथे त्याला भेटणारा माणूस तुमच्याच भावकीतला असतो.

म्हणून मला विचाराल तर मी अर्ज करणार नाही. ज्याचं घर खरंच एकाकी आहे आणि जो वर्षभर शिस्त पाळेल, त्याने जरूर करावा, तो त्याचा हक्क आहे. माझे पैसे मी बाहेरच्या लाईटवर, गोठ्याच्या जाळीवर आणि दोन चांगल्या कुत्र्यांवर घालीन. पूर्वी गावाला जागल्या असायचा, रात्रभर फिरून आरोळी देणारा. आता जिल्ह्यातल्या गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे: एक फोन लावून संदेश बोलला की नोंदणी केलेल्या सगळ्या गावकऱ्यांच्या मोबाईलवर तो एकदम जातो. तुमच्या घरातल्या सगळ्यांचे नंबर त्यात आहेत का, ते आज ग्रामपंचायतीत विचारा, आणि 112 आजीच्या फोनमध्येही टाकून ठेवा.