धर्मग्रामाची शाळा आणि मायबोली



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं परमेश्वराचे उपकार स्मरतांना देवळाशेजारच्या आपल्या शाळेकडे दृष्टि वळणें साहजिक आहे. वेदीपाशीं श्रद्धेचें पोषण होतें. परंतु त्या श्रद्धेला वाचा फुटते ती शाळेंत. हें केवळ भाविकपणाचें बोलणें नव्हे. आपल्या किनाऱ्याचा इतिहासच तशी साक्ष देतो.

वसई 1534 सालीं पोर्तुगीजांच्या हातीं गेली आणि पुढील कांहीं वर्षांत फ्रान्सिस्कन व जेज्वित धर्मगुरूंनीं तेथें देवळें व विद्यालयें उभारलीं. याच वसईंत सुमारें 1557 सालीं संत गोन्सालो गार्सिया जन्मास आले. पिता पोर्तुगीज, माता येथलीच. जेज्वित गुरूंच्या हाताखालीं ते शिकले व कोवळ्या वयांतच त्यांजबरोबर जपानास गेले. तेथली भाषा त्यांनीं इतकी आत्मसात केली कीं, पुढें फ्रान्सिस्कन बंधु झाल्यावर 1593 सालीं ते धर्मगुरूंचे दुभाषी म्हणून पुनः त्या देशीं गेले. 5 फेब्रुवारी 1597 रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह ते क्रुसावर हुतात्मा झाले, आणि 1862 सालीं नववे पोप पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. दुसऱ्याची भाषा शिकून त्याच्याशीं आपलेपणानें बोलणें, हा त्यांच्या सेवेचा पाया होता.

त्याच काळीं दक्षिणेस, गोव्याच्या साष्टी प्रांतांत, एक परदेशीय गुरु आपल्या लोकांच्या भाषेचा विद्यार्थी होऊन बसला होता. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेज्वित 1579 सालीं गोव्यास आले. धर्मपाठ चालले असतां एका ब्राह्मणानें विनंति केली कीं, जुनीं पुराणें आम्हांस वर्ज्य झालीं, तर त्यांच्या जागीं आमच्या भाषेंत दुसरें पुराण द्यावें. त्या मागणीचें उत्तर म्हणजे सुमारें 11,000 ओव्यांचें क्रिस्तपुराण. 1616 सालीं राचोल येथें तें रोमन लिपींत छापलें गेलें. 1649 व 1654 सालीं त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. आपला हा थोर ग्रंथ धर्मशिक्षणाच्या पोटीं जन्मला, हें विसरतां कामा नये.

परंतु सत्तेला लोकभाषेचें हें प्रेम मानवलें नाहीं. 1684 सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयानें हुकूम काढला कीं, लोकांनीं तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज भाषेचा अवलंब करावा. पुढें क्रिस्तपुराण पुनः छापून निघालें तें 1907 सालीं, मंगळूर येथें! मधल्या अडीचशें वर्षांत तें कोणीं जपलें? ज्यांनीं त्याच्या नकला उतरून घेतल्या, ज्यांनीं ओव्या तोंडपाठ केल्या, त्या साध्या ख्रिस्ती कुटुंबांनीं. हुकुमानें छापखाना थांबतो. आजीच्या ओठांवरची ओवी थांबत नाहीं.

या परंपरेचें फळ आपल्याच काळांत दिसलें. वसईतल्या नंदाखाल गांवीं वाढलेले व तेथील संत जोसेफ मराठी शाळेंत शिकलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं बायबल सुबोध मराठींत आणलें, आणि 2020 सालीं उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद भूषविलें. 2024 सालीं ते प्रभुचरणीं विलीन झाले. गांवच्या शाळेंत गिरविलेलीं अक्षरें कोठवर पोहोंचतात, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

आज आईबापांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे आहे. पोटापाण्याच्या काळजीनें घेतलेल्या त्या निर्णयास दोष देणें उचित नव्हे. संत गोन्सालोही परकी भाषा शिकूनच थोर झाले. मात्र मराठीचा वर्ग ओस पडला आणि घरची सायंप्रार्थनाही मायबोलींत राहिली नाहीं, तर नातवाचें पापनिवेदन व आजीचा रोजरी यांमध्यें भिंत उभी राहील. ती भिंत कोणा व्हाइसरॉयाची नसेल, आपली असेल.

म्हणून या ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येक कुटुंबानें एक निश्चय करावा. मूल कोणत्याही माध्यमांत शिको, रात्रीची प्रार्थना मराठींत व्हावी, आणि शुभवर्तमानाचा एक उतारा त्यानें मोठ्यानें वाचून वडील मंडळीस ऐकवावा. शाळेच्या मराठी वर्गांत मुलें थोडीं असलीं तरी तो वर्ग आपला समजून जपावा. संत गोन्सालो गार्सिया आपल्या मुलांसाठीं प्रभूजवळ विनवणी करोत, आणि ज्यांनीं या शाळेसाठीं श्रम केले त्या सर्व जीवंत व मृत उपकारकर्त्यांस परमेश्वर शाश्वत प्रतिफळ देवो.