पंधरा बाय बाराची खोली आणि एक कायदा

नायगावच्या बी. डी. डी. चाळींच्या जागी नव्या इमारती उभ्या राहत आहेत. वरळीच्या अशाच चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांत तीन-चार पिढ्या काढलेल्यांना याचं अप्रूप वाटणारच. पण त्या १६० फुटांत माणसं किती राहणार, बाळंतिणीला कुठे निजवणार, हे चाळी बांधताना कुणी जाऊन विचारलं होतं का? असं विचारत फिरणारी माणसं त्या काळातही मुंबईत होती. त्यांच्या वह्यांमधलं काही कायद्यापर्यंत पोचलं, काही कपाटातच राहिलं. ती हकीकत आज सांगायची आहे.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा मुंबईत घरांची टंचाई कमालीची होती. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनी १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं, तेच आपलं बी. डी. डी. कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसवला आणि पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत जाहीर केला. प्रत्यक्षात झाल्या सोळा हजारांच्या आसपास, म्हणजे २०७ चाळी. नायगावात ४२, वरळीत १२१, बाकीच्या डिलाईल रोड आणि शिवडीला. भिंती काँक्रीटच्या, मधून काळोखी बोळ, नळ आणि संडास सामाईक. नायगावपासून गिरण्या जवळ, म्हणून तिथे भाडेकरू आले. वरळी गिरण्यांपासून दूर, भाडंही परवडेना, तेव्हा तिथल्या पुष्कळ चाळी रिकाम्याच राहिल्या. पुढे सविनय कायदेभंगाच्या चळवळीत सरकारने सत्याग्रहींना त्यांत कोंडलं. कामगारांसाठी बांधलेली घरं तुरुंग म्हणून उपयोगी पडली!

यातली गंमत अशी, की नेमक्या त्याच काळात मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस शिकवत होते. १९१९ मध्ये विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू केला, त्याचे ते पहिले प्राध्यापक. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा जगभर गाजलेला आग्रह. त्यापूर्वी १९१५ च्या सुमारास ठाण्यासारख्या गावांत पायी हिंडून त्यांनी अहवालही लिहिले होते. विद्यापीठ फोर्टमध्ये आणि चाळी नायगावात, ट्रामने जाण्याइतकंच अंतर. पण चाळींची आखणी इंजिनिअरांच्या टेबलावर झाली. पाहणीचा आग्रह वर्गातच राहिला.

सरकारच्या दुसऱ्या एका कचेरीत मात्र वेगळंच काही चाललं होतं. १९२१ मध्ये लेबर ऑफिस स्थापन झालं. त्याचे प्रमुख फिंडले शिरास हे अर्थशास्त्रज्ञ. या कचेरीने २,४७३ कामगार कुटुंबांचा जमाखर्च घरोघर जाऊन लिहून घेतला. १९२३ च्या अहवालात निष्कर्ष आला तो असा, की मुंबईच्या कामगाराच्या पोटात जाणारं धान्य दुष्काळी कामांच्या नियमांत ठरवलेल्या कमाल मापाएवढं आहे, पण तुरुंगातल्या कैद्याला मिळणाऱ्या शिध्यापेक्षा कमी आहे. सरकारच्याच नोकरांनी सरकारच्याच तुरुंगाचं माप लावून हे छापलं. शंभर भाषणांना जमलं नसतं ते त्या एका तुलनेनं केलं. पुढची कित्येक वर्षं ती उद्धृत होत राहिली.

पण खरी गोष्ट आहे ती डॉक्टर बार्न्स यांची. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला झालेल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने कामगार स्त्रियांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता द्यावा असा ठराव केला. हिंदुस्थान सरकारने आधी अभ्यास करावा, असं ठरलं. आता ‘अभ्यास करतो’ हे सरकारी भाषेत बहुधा नकाराचंच सभ्य रूप असतं. इथे मात्र मुंबई सरकारने खरोखरच एका स्त्री डॉक्टरची नेमणूक केली, आणि बाई खरोखरच जिने चढल्या.

त्यांचा अहवाल ‘लेबर गॅझेट’च्या सप्टेंबर १९२२ च्या अंकात आहे. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर पंधरा फूट बाय बारा फुटांची एक खोली. तिच्यात सहा कुटुंबं आणि सहा चुली. माणसं तीस. त्यांतल्या तिघी बायका लवकरच बाळंत व्हायच्या होत्या. बाळंतपण करणार तरी कुठे, असं बार्न्स यांनी सोबतच्या परिचारिकेला विचारलं. तिने एक कोपरा दाखवला, तीन फूट बाय चार फुटांचा, पडदा लावून घेतात तो. गिरणीत जाणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी शंभरात अठ्ठ्याण्णव जणांना अफू मिसळलेली बाळगोळी दिली जाते, हेही त्यांनी नोंदवलं. आई पाळीवर असताना मूल झोपून राहावं म्हणून. आया निर्दय होत्या असं नव्हे. दुसरा इलाज नव्हता.

त्या परिचारिकेचं नाव अहवालाच्या इतिहासात कुणी घेत नाही. मला मात्र वाटतं, निम्मा अहवाल तिचाच आहे. परक्या बाईला ती खोली एरवी कोण उघडून दाखवणार?

नुसत्या अहवालाने कायदा झाला असं नाही. १९२४ मध्ये ना. म. जोशी यांनी दिल्लीच्या कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याचं विधेयक मांडलं, ते फेटाळलं गेलं. मग प्रयत्न मुंबईत सुरू झाला. १९२८ मध्ये मुंबईचे आमदार आर. एस. आसवले यांनी प्रांतिक कायदेमंडळात विधेयक आणलं. त्याच्या बाजूने २८ जुलैला डॉ. आंबेडकर बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे राष्ट्राच्याच हिताचं आहे, आणि स्त्रियांच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, तेव्हा भारही त्याने उचलला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. अर्थशास्त्रात लंडनची डी. एस्सी. मिळवलेला हा माणूस तेव्हा राहत होता परळच्या पोयबावडीला, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत. संशोधक, आमदार आणि चाळकरी, तिन्ही एकाच देहात. असा योग शहराच्या नशिबी क्वचितच येतो.

१९२९ मध्ये कायदा झाला, देशातला अशा तऱ्हेचा पहिला. रोज आठ आणे भत्ता. पुढच्या काळात गिरण्यांतून बायकांची संख्या घटत गेली. त्यात या कायद्याचा वाटा किती आणि नव्या यंत्रांचा व रात्रपाळीच्या बंदीचा किती, हा वाद इतिहासकारांमध्ये आहे. भार नुसता मालकावर टाकला की मालक बाईच कमी करतो, ही अडचण आजही संपलेली नाही.

विद्यापीठानेही पुढे काम केलं. ग. रा. प्रधान यांचा मुंबईतल्या अस्पृश्य कामगारांवरचा ग्रंथ १९३८ चा, त्याला आंबेडकरांचीच प्रस्तावना आहे. नागपाड्याच्या नेबरहूड हाऊसमधून १९३६ मध्ये टाटांची समाजकार्याची शाळा निघाली, तीच आजची टाटा इन्स्टिट्यूट.

आता पुन्हा घरांकडे येऊ. १९१२ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी मुंबईतल्या घरांतला उजेड आणि हवा यांवर व्याख्यान दिलं होतं. ट्रस्टचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम तेव्हाचाच. साध्या भाषेत, समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मं अंतर मध्ये मोकळं हवं. २०१८ मध्ये डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या संशोधकांसह गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड इथे इमारती इतक्या खेटून, की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. आणि तिथेच क्षयरोगी जास्त. हा अभ्यास एमएमआरडीएच्याच पर्यावरण सोसायटीच्या पैशातून झाला होता, हे विशेष. म्हणजे १९२३ च्या लेबर ऑफिससारखंच, घरचा आहेर.

नायगावच्या नव्या घरांत लोक राहायला जातील. मग तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर भर दुपारी दिवा लावावा लागतो का, हे पाहायला कुणीतरी फूटपट्टी आणि वही घेऊन जायला हवं. जाताना वॉर्डातल्या आरोग्यसेविकेला बरोबर न्यावं. तिला पाहून दार लवकर उघडेल.