तबकडीतून स्टुडिओत

रॅपवाले जॅझच्या जुन्या तबकड्यांतून तुकडे उचलू लागले तेव्हा ही उघड चोरी आहे, असं म्हणणारे पुष्कळ होते. ब्रुकलिनच्या ‘स्टेट्सासॉनिक’ या रॅप गटाने १९८८ साली त्यांना गाण्यातूनच उत्तर दिलं: ‘टॉकिन ऑल दॅट जॅझ’. त्यातली बेसची चाल मात्र उचललेलीच होती, लॉनी लिस्टन स्मिथ यांच्या १९७५च्या ‘एक्स्पान्शन्स’मधून.

उचलणं सोपं नव्हतं. एसपी-१२०० या तेव्हाच्या लाडक्या सॅम्पलरमध्ये, म्हणजे असे तुकडे भरून घेण्याच्या यंत्रात, जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावे. मग मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या गतीची तबकडी ४५वर पळवायची, तुकडा भरून घ्यायचा आणि यंत्रात पुन्हा संथ करायचा. जागा वाचे, आणि आवाजाला एक खरखरीत जाडी येई. पुढे तीच या संगीताची ओळख झाली.

बोस्टनचा कीथ एलम याच तालमीत तयार झाला. वडील न्यायाधीश, स्वतः मोअरहाउस कॉलेजचा पदवीधर; रॅपसाठी नाव घेतलं ‘गुरू’. ह्यूस्टनच्या डीजे प्रीमियरबरोबर त्याची ‘गँग स्टार’ ही जोडी जमली. १९८९च्या ‘वर्ड्स आय मॅनिफेस्ट’मध्ये डिझी गिलेस्पी यांची ‘अ नाइट इन ट्युनिशिया’ ही रचना ऐकू येते. प्रीमियर तुकडे जुळवी आणि गुरू त्यांवर आवाज न चढवता, एकाच पट्टीत बोलत राही. त्या बोलण्यात दुसऱ्या वाद्याला भरपूर जागा होती.

१९९१ साली ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या रॅप गटाने जॅझवादक रॉन कार्टर यांना डबल बेस वाजवायला बोलावलं होतं, पण एका गाण्यापुरतं. गुरूने १९९३मध्ये अख्खा अल्बमच वादकांसाठी मोकळा केला. ‘जॅझमटॅझ’च्या पहिल्या भागात ट्रम्पेटवर डोनाल्ड बर्ड, व्हायब्राफोनवर रॉय एअर्स, सॅक्सोफोनवर ब्रॅनफर्ड मार्सालिस आहेत, आणि कळफलकांवर आहेत खुद्द लॉनी लिस्टन स्मिथ. ज्यांच्या तबकड्या कापल्या गेल्या, तेच आता रॅपच्या ठेक्यावर नवं वाजवत होते. ‘लाउंजिन’ ऐकावं: १९५०च्या दशकात आर्ट ब्लेकींच्या ‘जॅझ मेसेंजर्स’मध्ये वाजवलेले बर्ड इथे साठीचे आहेत, आणि त्यांचा ट्रम्पेट गुरूच्या ओळींभोवती निवांत फिरतो.

मालिकेचे आणखी तीन भाग निघाले, शेवटचा २००७मध्ये. पहिल्याची सर कुणालाच आली नाही.

एप्रिल २०१०मध्ये कर्करोगाने गुरू गेला. त्याच्या आवाजाची अप्रकाशित मुद्रणं प्रीमियरने पुढे मिळवली आणि २०१९ साली त्यांवर नवे ठेके बांधून ‘वन ऑफ द बेस्ट येट’ हा गँग स्टारचा अल्बम पुरा केला.